मे महिन्यातला हीटर

गाडीचा रेडिएटर बदलणं हे मिरवण्याजोगं काम आहे. जुना काढून ओट्यावर मांडता येतो. नवा चकाकतो. शेजारी येऊन "केवढ्याला बसला?" विचारतात आणि आपण आकडा सांगितला की "मला विचारायचं, निम्म्यात आणला असता" म्हणतात. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं. खरं काम यानंतरचं, आणि त्यात दाखवण्यासारखं काहीच नसतं. इंजिनात कूलंट भरायचं आणि आतली हवा बाहेर काढायची.

यातलं भरणं आम्हा अकोलेकरांना जन्मजात येतं. ज्या गावात नळ रोज येत नाही, तिथे टाकी, ड्रम, बादल्या, कळशा आणि शेवटी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवायची सवय अंगात मुरलेली असते. पण बादलीनं आम्हाला एक गोष्ट शिकवली नाही. रिकामं भांडं रिकामं नसतं, त्यात हवा असते, आणि पाणी आत येण्याआधी तिला बाहेर जायला वाट लागते. बादलीचं तोंड मोठं, त्यामुळे हा विषय कधी निघालाच नाही. इंजिनाचं तोंड लहान आहे आणि पोट फार वाकडंतिकडं.

पाण्याचा आतला रस्ता बघा. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपातून पंपात, पंपातून ब्लॉकभोवतीच्या पोकळ्यांत, तिथून वर हेडमध्ये, हेडमधून थर्मोस्टॅटच्या दारातून वरच्या पाइपात आणि परत रेडिएटरला. एक फाटा डॅशबोर्डच्या मागे हीटरकडे जातो. या रस्त्यात चढ आहेत, वळणं आहेत, आणि थर्मोस्टॅटचं दार इंजिन तापेपर्यंत बंद. त्या दारात मेणाची गोळी असते. ती 82 ते 88 अंशांच्या आसपास वितळून फुगते आणि झडप उघडते. तोवर वरून ओतलेलं कूलंट तळाशी जातं आणि हवा सगळ्यात उंच जागा बघून बसते. उंच जागा मिळाल्यावर आपण होऊन कोण उठतं?

ही हवा तिथे बसून काय करते? काहीच नाही, आणि तोच तिचा उपद्रव. पंपाच्या पात्यांना पाणी ढकलता येतं; हवा आली की ती नुसती गरगरतात. तापमान मोजणारा सेन्सर नेमका बुडबुड्यात सापडला तर त्याला खालच्या आगीची खबरच लागत नाही. काटा मध्यावर शांत असतो. पंखा सुरू होत नाही, कारण पंख्याला हुकूम याच सेन्सरच्या अहवालावरून सुटतो. वर सर्व ठीक असल्याची नोंद आणि खाली हेड भाजतंय, हा प्रकार सरकारी नोकरी केलेल्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मग एकदम काटा लाल रेघेवर जातो. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गास्केट उडतं, आणि मिस्त्री हात पुसत पुसत म्हणतो, "हेडचं काम निघालं." हे वाक्य ऐकलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. त्याला कोणीतरी खुर्ची दिली होती.

आमच्या गाडीचा रेडिएटर गेला तो मात्र खाऱ्या पाण्यानं. गाडी जुनी घेतलेली. आधीचे मालक खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा असा पसरलेला आहे, आणि तिथल्या जमिनीखालचं पाणी इतकं खारट की पिकंही तोंड फिरवतात. त्या भल्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं गाडीला बोअरचं पाणी पाजलं. माणसं पितात ते गाडीला काय होतं, हा त्यांचा हिशेब. रेडिएटर उघडल्यावर आतल्या नळ्यांत पांढरा थर असा बसला होता की पाणी जायला जागा म्हणून उरली नव्हती. पूर्वीचे रेडिएटर तांब्यापितळेचे असत. ते झाळणारे कारागीर गावोगाव होते आणि रेडिएटर शेवटी भंगारातही मानानं जाई. आता गाभा ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लास्टिकच्या. टाकीला चीर पडली की निरोपाचा नारळ.

आमच्या मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे एक कडुनिंब. सावली उत्तम, पण जमीन सपाट. हवा काढायला गाडीचं नाक वर हवं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं आणि हवेला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कोकणातल्या माणसाला ही अडचणच कळणार नाही. त्याच्याकडे सपाट जागा शोधावी लागते. अकोल्यात चढ म्हणून जो आहे तो महापालिकेनं बांधलेला नसून नागरिकांनी बांधलेला आहे. आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक बंगल्याच्या फाटकापुढे रस्त्यात घुसलेला एक सिमेंटचा उतार आहे. तो नियमात बसतो का, हे कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्या फाटकापुढेही तो असतो. सर्वांत उंच उतार एका निवृत्त नायब तहसीलदारांचा. अतिक्रमण हटवण्यात उमेदीचा काळ गेल्यामुळे किती पुढे आलेलं चालतं याचा त्यांना अचूक अंदाज आहे. गाडी त्यांच्या उतारावर नाक वर करून उभी राहिली, आणि त्या क्षणापासून त्यांना या कामात मत देण्याचा हक्क प्राप्त झाला.

मिस्त्री कामाला लागले. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली बुडातून कापून उलटी केली, तिच्या तोंडाला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि ती रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवली. झालं नरसाळं. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये यासाठी वेगळं यंत्र असतं. ते आधी सगळी हवा खेचून घेतं, पाइप चपटे पडतात आणि मग त्या पोकळीत कूलंट आपोआप ओढलं जातं. काम पाच-दहा मिनिटांत उरकतं, पण बघायला गर्दी जमत नाही.

नायब तहसीलदारांनी कूलंटच्या डब्यावरचं वाचून पहिला मुद्दा मांडला.

"अकोल्यात बर्फ पडतो का?"

"नाही."

"मग हे बर्फ न होऊ देणारं औषध कशाला? साधं पाणी टाका."

प्रश्न बिनतोड होता. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. अकोल्याला एवढी हमी खरोखरच नको. शिवाय उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी या मिश्रणाहून सरस असतं, त्यामुळे नायब तहसीलदारकाकांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. अर्धं बरोबर असलेला माणूस वादात फार जड जातो. उरलेलं अर्धं असं, की त्याच मिश्रणाचा उत्कलनबिंदूही वर सरकतो, आणि त्यातली गंजरोधक रसायनं आतला धातू वाचवतात. नाहीतर नव्या रेडिएटरची जुन्याच्या शेजारी ओट्यावर बसायची वेळ येते. ज्याला कूलंट पातळ करायचं असेल त्यानं बॅटरीचं पाणी घालावं, बोअरचं नव्हे. एवढं मी बोलून दाखवलं. काका म्हणाले, "ते ठीक आहे, पण हिरवं कशाला घेतलं? लाल जास्त गार असतं."

रंगाबद्दलची श्रद्धा आपल्याकडे खोल आहे, आणि ती फक्त कूलंटपुरती नाही. हिरवं, लाल, गुलाबी, निळं, नारिंगी हे सगळे बाटलीत घातलेले रंग आहेत. त्यांचा कोणताही सार्वत्रिक नियम नाही. एका कंपनीचं लाल आणि दुसरीचं लाल यांची रसायनं अगदी वेगळी असू शकतात, आणि वेगवेगळ्या जातीची एकत्र केली तर कधी गाळ होतो, कधी गंजरोधकाचा जोर जातो. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलं आहे ते घ्यावं. पण पुस्तिका हे आपल्याकडे गाडी विकताना शोधायचं पुस्तक आहे.

दुसरे सल्लागार स्कूटरवरून आले आणि स्कूटरवरूनच म्हणाले, "ते थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्याकडे थंडी कुठे असते?" हा सल्ला विदर्भात गेली कित्येक दशकं फुकट वाटला जात आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन लवकर तापत नाही हे खरं. पण मग ते नीट तापतच नाही. इंजिनाचा संगणक समजतो बाहेर हिवाळा आहे, पेट्रोल जास्त सोडतो आणि ॲव्हरेज बसतं. अकोल्याच्या मे महिन्यात हिवाळा आहे असं समजणारं एक यंत्र बॉनेटखाली घेऊन हिंडायचं, ही कल्पना मोहक आहे, परवडणारी नाही. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढला तर नाहीच, उलट नवा बसवताना त्याच्या कडेचं बारीक भोक आणि त्यात लटकणारी पिन बरोबर वरच्या बाजूला येईल असं बघितलं. त्या भोकातून दार बंद असतानाही हवा सटकते. काही गाड्यांना यासाठी वेगळा ब्लीड स्क्रू असतो. तो ढिला केला की आधी फसफस होते आणि मग सलग धार लागते. आमच्या गाडीला तो नव्हता, म्हणून भिस्त या भोकावर.

तिसरे म्हणाले, "गळत असंल तर हळद टाका." हळदीचा हा प्रयोग जुन्या जीपच्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरांनी खरोखर केलेला आहे. हळद फुगून बारीक भोक बुजवते, आणि मग तेवढ्याच निष्ठेनं बाकीच्या नळ्याही बुजवते. पण इथे काही गळतच नव्हतं. नव्या रेडिएटरला पहिल्याच दिवशी हळद लावण्याचं कारण नव्हतं. लग्न त्याचं नव्हतं.

आता मुख्य भाग. हवा काढताना हीटर पूर्ण गरम बाजूला ठेवायचा असतो. अनेक गाड्यांत तेव्हाच हीटरच्या फाट्याची झडप उघडते आणि तिथली अडकलेली हवा सुटते. शिवाय हीटरच या कामाचा साक्षीदार आहे. त्यातून कढत वारा आला तर कूलंट तिथपर्यंत पोचलं; इंजिन तापलं तरी थंड वारा येत असेल तर आत अजून हवा आहे. म्हणजे कोणीतरी आत बसून हात लावून सांगत राहिलं पाहिजे. मिस्त्री बाहेर नरसाळ्यापाशी हवेत. काकांना उतार दिल्याबद्दल सूट होती. उरलो मी.

अकोल्याचं मे महिन्यातलं तापमान सांगत नाही. ते पेपरात राज्याच्या यादीत वरच येतं आणि त्याचा आम्हाला चोरटा अभिमान असतो. त्या उन्हात, इंजिन चालू असलेल्या गाडीत, हीटर लालच्या टोकाला आणि पंखा चारवर करून मी बसलो. समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या, त्यांनी काचेतून पाहिलं, डॅशबोर्डच्या जाळीवर ठेवलेला माझा हात पाहिला आणि आत जाऊन सुनेला म्हणाल्या, "यायले ऊन लागलं वाटते." थोड्या वेळानं त्यांच्याकडून कैरीचं पन्हं आलं. या प्रक्रियेच्या कुठल्याही पुस्तिकेत पन्ह्याचा उल्लेख नाही, ही उणीवच म्हणायची.

"काय येऊन राह्यलं?" मिस्त्री बाहेरून विचारत.

"थंडच."

"थांबा."

या कामात बाकी काही नाही, थांबणंच आहे. आणि थांबणं आमच्या गल्लीला मानवत नाही. स्कूटरवाले सुचवतात, "रेस द्या, रेस! लवकर तापंल." जोरात रेस दिली की पंप फेस करतो, बुडबुडे बारीक होऊन सगळीकडे पसरतात आणि काम लांबतं. मिस्त्रींनी ॲक्सिलरेटरला हात लावू दिला नाही. ते मधूनच वरचा होज पाइप हळूहळू दाबत आणि सोडत होते. तान्ह्याला दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवतात, त्याच मायेनं. दर दाबाला नरसाळ्यात एक बुडबुडा येई, "बुडुक" म्हणे, आणि कूलंटची पातळी एक बोट खाली जाई. मिस्त्री तेवढंच वरून ओतत.

त्यांचा खरा हिशेब मात्र मापाच्या कॅनमध्ये होता. "सगळे पानी भरून राह्यले, बाप्पा," ते म्हणाले, "पन किती निंगालं होतं आन् किती गेलं, हे कोनी पाह्यत नाही. या गाडीत चार-साडेचार लिटर मावते. तीन गेलं आन् तोंडापर्यंत दिसून राह्यलं, तर दीड लिटर काय हाये मंग आत?" कोणी उत्तर दिलं नाही. लेखापरीक्षण असंच करतात, हे नायब तहसीलदारांनी तेवढं मान्य केलं.

मधल्या वेळात काकांनी जुना काळ काढला. "पूर्वीच्या गाड्यांना हे असलं काही लागत नव्हतं." पूर्वीच्या गाड्यांना काय लागत होतं याची नोंद उपलब्ध आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बसवून, मानहाइमहून प्फोर्त्सहाइमला माहेरी गेली. मोटारींच्या इतिहासातला हा पहिला लांबचा प्रवास, सुमारे शंभर किलोमीटरचा. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाण्यावरच इंजिन गार राहायचं, त्यामुळे बाईंना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखनं मधमाशांच्या पोळ्याच्या घडणीचा रेडिएटर केला. 1901 सालच्या मर्सिडीजमधल्या त्या रेडिएटरमध्ये 8,070 बारीक नळ्या होत्या आणि पाणी अवघं नऊ लिटर. पाण्याच्या वाटा जितक्या बारीक, तितकी गार होण्याची सोय मोठी आणि बुजण्याचीही. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकांना मायबाख भेटायला हवा होता.

आपल्याकडे त्या काळाची शेवटची खूण बोरघाटात होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी खंडाळ्याचा चढ चढू लागली की शिंग्रोबाच्या देवळापर्यंत कशीबशी येई. ड्रायव्हर तिथे धनगर देवाला नाणं टाकत. घाटाची वाट त्यानंच दाखवली अशी कथा. मग थोडं पुढे बॉनेट उघडून गाड्या ओळीनं उभ्या. वाफ निघतेय, बाबा फडकं घेऊन झाकणाभोवती फिरताहेत, आईनं चिवड्याचा डबा उघडलाय. गाडी तापणं हा वेळापत्रकातलाच मुक्काम होता. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात गेली. गाडीला शीतलीकरण असतं हे आता लोकांना ते बिघडल्यावरच कळतं.

त्या बाबांच्या फडक्यावरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हवेचा दाब कमी तसं पाणी लवकर उकळतं: महाबळेश्वरच्या उंचीवर 95-96 अंशांवरच, समुद्रकाठी 100 वर. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते. ती आतला दाब हवेच्या दाबाहून सुमारे एक पट जास्त वाढू देते, त्यामुळे आत पाणी 120 अंशांपर्यंतही उकळत नाही. ते शांत दिसतं. त्या क्षणी कोणी झाकण फिरवलं की दाब जातो आणि शंभराच्या वरचं ते पाणी एका क्षणात वाफ होऊन थेट तोंडावर येतं. हवा काढताना झाकण आधीपासून उघडं असतं, म्हणून चालतं. तापलेल्या गाडीचं बंद झाकण उघडणं हे धाडस नाही, भाजलेल्यांच्या वॉर्डचं तिकीट आहे. स्कूटरवाल्यांनी आपल्या एका मावसभावाचा किस्सा सुरू केला होता, "काही होत नाही, फडकं घ्यायचं आणि..." मिस्त्री म्हणाले, "मंग त्यायले कोनत्या दवाखान्यात नेलं?" किस्सा तिथेच थांबला.

आणि मग ते झालं. वरचा पाइप, जो इतका वेळ कोमट होता, अचानक हात न ठेववण्याइतका गरम झाला. थर्मोस्टॅट उघडला. नरसाळ्यातली पातळी सर्रकन खाली गेली, एक मोठा ढेकर आला, मिस्त्रींनी घाईनं कूलंट ओतलं. माझ्या हातावर कढत वाऱ्याचा झोत आला. डॅशबोर्डच्या मागे चाललेली खळखळ बंद पडली. मी ओरडलो, "गरम!" आणि भर मे महिन्यात गरम वारा आला म्हणून आनंदानं ओरडणारा मी बहुधा अकोल्यातला एकमेव माणूस ठरलो. आजींनी पुन्हा पडदा सारून पाहिलं.

रेडिएटरचा पंखा एकदा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. बुडबुडे विरळ झाले. नायब तहसीलदारांचा नातू नरसाळ्याजवळ उभा राहून मोजत होता. त्यानं विचारलं, "फुगे संपलेच नाहीत तर?" दिवसभरातला तो एकमेव कामाचा प्रश्न. बुडबुडे तासभर चालूच राहिले, तर ती अडकलेली हवा नसते. सिलिंडरमधला गॅस फाटलेल्या गास्केटमधून पाण्यात शिरत असतो, आणि मग ते वाक्य येतं, ज्यासाठी खुर्ची आणावी लागते. आमचे संपले. मिस्त्रींनी कॅन उचलून पाहिला. साडेचारला थोडं कमी. त्यांनी मान हलवली. याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे मिळत नाही.

तुम्ही हे घरी करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. इंजिन गार होताना झाकणातल्या छोट्या झडपेतून रेडिएटरला जोडलेल्या राखीव बाटलीतलं कूलंट आत ओढलं जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाटलीची पातळी बघा आणि कमी असेल तर खुणेपर्यंत भरा. आणि घमेल्यात काढलेलं जुनं कूलंट उघडं ठेवू नका, गटारातही ओतू नका. ते चवीला गोड आणि पोटात विष असतं. मे महिन्यात तहानलेल्या कुत्र्या-मांजरांना तेवढ्या एका घमेल्याचा रस्ता नेमका सापडतो. ते झाकून ठेवा, आणि त्याच्या शेजारी साध्या पाण्याचं एक मातीचं भांडं भरून ठेवा. ते मात्र बोअरचं चालेल.